वल्ह्यावरची खाच

वर्ध्याच्या बसस्टँडवर हिंगणघाटची एसटी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत एक परत आलेला अर्ज होता आणि डोक्यात राग. अर्ज माझ्याच हातचा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी गावोगावच्या बायांचे अर्ज लिहून देते. हा शेवंताबाईंचा. त्यांच्या गावासमोर, नदीपलीकडे कोळशाची खाण आहे. तिला आता खड्डा वाढवायचाय आणि नदीतून आणखी पाणी उचलायचंय. शेवंताबाईंनी त्यावर घेतलेली हरकत कार्यालयाने परत धाडली होती, 'पुरावा जोडावा' असा शेरा मारून. मुदत सोमवारपर्यंत. आज रविवार. म्हटलं, नदी आटल्याचा पुरावा घरात बसून मिळणार आहे का? कपाळ मिळणार!

हिंगणघाटहून पुढे काळीपिवळी (प्रवासी जीप). माझ्या मांडीवर कुणाचं तरी बोचकं आणि त्यावर माझेच हात. दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी आणि शेंगांनी वाकलेली तूर. शेजारणीने विचारलं, "कोनाकडं चालल्या?"

"शेवंताबाईंकडे."

"डांगरवाडीवाली? जा बाई. यंदा तिची वाडी होते का नाई, देव जाने."

डांगरवाडी म्हणजे पाणी ओसरलं की नदीच्या रेतीत लावलेली टरबूज-डांगराची बाग. शेवंताबाई ढिवर, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या घरातल्या. मासे गेले त्याला बरीच वर्षं झाली. आता वर्षाची भाकरी त्या वाडीवर.

शेवंताबाई साठीच्या, काटक. आधी जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी आणि सोलेवांगे (तुरीचे हिरवे दाणे घातलेली वांग्याची भाजी), असं झणझणीत की नाकाडोळ्यातून पाणी. मग आम्ही नदीवर गेलो. पलीकडच्या काठाने चांगला हातभर प्रवाह वाहत होता.

"अहो, पाणी तर आहे की!" मी म्हणाले.

शेवंताबाई आणि त्यांची सून मंदा, दोघी खदखदून हसल्या. शेवंताबाई म्हणाल्या, "ते नदीचं नोहे बाई. खाणीनं उपसून फेकलेलं हाय. तो पाइप पाहा. खड्डा नदीहून खोल. आपल्या रेतीतलं पाणी तिकडं झिरपते, ते कोळसा धुतात, उरलं ते फेकतात. त्या पाण्यानं वेल जळते. अन् पाइपाच्या वरतं पाहा."

पाइपाच्या वरच्या अंगाला, नदी येते त्या बाजूला, नुसती रेती होती. तीस वर्षं मी पोरांना 'वर्धा नदी बारमाही वाहते' असं शिकवलं. लाज वाटली.

"पण हे वरच्या धरणामुळे नसेल कशावरून? साहेब हेच विचारतील."

शेवंताबाईंनी घरून आणलेला बांबू माझ्या हातात दिला. छातीएवढा, हाताळून गुळगुळीत झालेला, अंगभर खाचा. वाडी लावायच्या आधी रेतीत झिरा (पाण्यासाठीचा खड्डा) खणायचा, पाणी लागलं की हळदकुंकू वाहायचं, बांबू पाण्याला टेकवायचा आणि रेतीच्या काठाशी खाच पाडायची. सासूपासूनची रीत. झिरा जितका खोल, तितकी खाच वर. खालच्या खाचा दाटीवाटीने होत्या.

"हे धरण झालं ते साल," त्यांनी एका खाचेवर बोट ठेवलं. पुढची खाच बोटभरच वर होती. "अन् इथं खाण आली." तिथून खाचा वीत वीत उड्या मारत शेंड्याला भिडल्या होत्या. "बांबू बुडाला तर वाडी लावाची नाई, असं सासूनं सांगून ठेवलं."

हाच तर पुरावा!

दोघी खणायला लागल्या. मी उत्साहाने वाकून बघायला गेले, आणि काठ ढासळून कंबरेपर्यंत झिऱ्यात. तासाभराची मेहनत माझ्या अंगावर. "बाईले बी लावून देऊ का यंदा?" मंदा म्हणाली. मी निमूटपणे पाटी धरली आणि रेती उपसू लागले.

ऊन उतरायला लागलं तेव्हा तळाशी ओल आली, मग वाटीभर पाणी. शेवंताबाईंनी हळदकुंकू वाहिलं आणि बांबू आत सोडला. तो पाण्याला टेकला तेव्हा त्याचा शेंडा काठाच्या खाली गेला होता.

मंदाने बियांचं गाठोडं उचलून पदराआड घेतलं. मला रडू आलं, मी लपवलंही नाही.

"रडता काऊन?" शेवंताबाई करड्या आवाजात म्हणाल्या. "मंदे, वल्हं आण."

काठावर त्यांचा डोंगा उपडा पडला होता. त्याचं वल्हं बांबूच्या शेंड्याला सुतळीने करकचून बांधलं, पुन्हा आत सोडलं आणि विळ्याने यंदाची खाच वल्ह्याच्या दांड्यावर पाडली.

सोमवारी शेवंताबाई आणि मी तो जोड घेऊन एसटीत चढलो. कंडक्टर म्हणाला, "हे कायले आनलं? कोनाचा डोळा फोडसान!" शेवंताबाईंनी वर्ध्यापर्यंत तो उभा धरला. मी घेऊ म्हटलं तर देईनात.

कार्यालयात कारकुनाने अर्ज वाचला, मग वर बघितलं. "फोटो जोडा ना. हे फायलीत कसं लावू मी?"

मी तोंड उघडणार तोच शेवंताबाई पुढे झाल्या. "त्याईले खड्डा मोठा करू देता साहेब, मंग फाइल मोठी कराले काय होते?"

त्याने अर्जाच्या पहिल्या पानावर आवकचा शिक्का मारला, एक चिठ्ठी बांबूला चिकटवली, तिच्यावरही शिक्का मारला आणि आम्हाला पोच दिली. बांबू कपाटात मावेना, म्हणून साहेबांच्या दाराशी उभा केला. आत जाणाऱ्याला तो हाताने बाजूला करावा लागत होता.

निकाल काय लागेल, मला ठाऊक नाही. स्टँडवर शेवंताबाईंना बसमध्ये बसवताना मी विचारलं, "बांबू तर इथे राहिला. पुढच्या वर्षी मापणार कशाने?"

"नवा तोडीन," त्या म्हणाल्या. "तुमी येजो फक्त. अन् काठापासून दूर उभ्या राहजो."