शुक्रवारचं मेडिकल

आमचे साहेब मॅचला खेळाडूंच्याही आधी हजर असत. कामावर ते आमच्या खात्याचे प्रमुख आणि मैदानावर कंपनीच्या फुटबॉल टीमचे कोच. पांढरी टोपी, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. मॅचमध्ये शिट्टी वाजवायची ती रेफरीनं, पण ह्यांच्या गळ्यातून ती कधी उतरली नाही. समोरची टीम गोलजवळ आली की हे तोंड बाजूला करून ती हळूच वाजवत. खेळ थांबला असं समजून ती पोरं जागच्या जागी उभी राहत आणि आमचे लोक बॉल घेऊन पसार होत. रेफरीनं डोळे वटारले की साहेब मागच्या कडुनिंबाकडे बघायला लागत. पन्नाशीच्या घरातला माणूस, घरी दोन मुली कॉलेजला, सकाळी तासभर पूजा केल्याशिवाय चहा घेत नाही, आणि मैदानावर हे धंदे. मला त्यांची किळस यायची. ती मी गिळून टाकायचो, कारण माझा वार्षिक रिपोर्ट तेच लिहायचे.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. तेव्हा पिंपरी-चिंचवडच्या बऱ्याच मोठ्या कंपन्यांना स्वतःची फुटबॉल टीम लागे. चांगला खेळणारा दिसला की त्याला हेल्पर म्हणून भरती करून घ्यायचं, दुपारपर्यंत काम आणि मग प्रॅक्टिस. नोकरी मात्र टेम्पररी. सहा महिने भरत आले की ब्रेक, म्हणजे घरी बसायचं. पुन्हा बोलावलं तर पुन्हा पहिल्यापासून सहा महिने. परमनंट करायचं की नाही यात कोचच्या शब्दाला वजन असे. त्यामुळे मैदानाबाहेर खुर्ची टाकून बसलेला तो माणूस ओरडायला लागला की खेळणाऱ्याचा खेळ बिघडायचा. त्याला बॉल दिसत नसे, घरची चूल दिसत असे.

मी इन्स्पेक्शनमध्ये होतो. तयार झालेला जॉब, म्हणजे मशिनवरून आलेला सुटा भाग, गेज लावून मापात आहे का ते तपासायचा आणि पास किंवा रिजेक्ट करायचा, हे माझं काम. केसाएवढा फरक असलेला जॉब माझ्या टेबलावरून पुढे गेला नाही अशी माझी ख्याती होती, आणि मला तिचा बऱ्यापैकी माज होता. कॉलेजात मी फुटबॉल खेळलो होतो, नियम पाठ होते. आमच्याकडच्या मॅचना रेफरी बाहेरचा आणत, पण दोन लाइन्समन दोन्ही कंपन्यांनी आपापला एकेक द्यायचा अशी पद्धत होती. आमच्या कंपनीकडून लाइन्समनचं निशाण माझ्या हातात आलं. आपलाच माणूस आपल्याच साहेबाच्या खुर्चीसमोर निशाण घेऊन उभा, आणि त्यानं म्हणे निःपक्षपाती राहायचं. ही पद्धत कुणी काढली असेल त्याला माझा साष्टांग नमस्कार.

त्या वर्षीची फायनल देहूरोडच्या बाजूच्या एका मैदानावर होती. वार गुरुवार. आमच्या भागात विजेच्या हिशेबानं कारखान्यांची सुट्टी गुरुवारची असते, त्यामुळे मैदानाभोवती दोन्ही कंपन्यांची ही गर्दी. समोरच्या टीमचा लेफ्ट विंगर माझ्या ओळखीचा होता. कुरुळीचा, शेतकऱ्याच्या घरातला, चोवीस-पंचवीसचा. आमच्याच कंपनीत माझ्या टेबलावर त्यानं सहा महिने काढले होते. पेटीतले जॉब मोजून लावायचा, कधी चूक नाही. साहेबांनी त्याला एकदाही खेळताना पाहिलं नाही आणि ब्रेक देऊन घरी पाठवलं. मग त्या दुसऱ्या कंपनीनं त्याला उचलला आणि वर्षभरात तो अख्ख्या पट्ट्यात गाजला. हातातून निसटलेल्या माणसाचं कौतुक साहेबांना ऐकवत नसे. त्याचं नाव निघालं की ते खाकरून थुंकायचे.

मॅचच्या आधी तो बुटाच्या नाड्या बांधत लाइनीजवळ बसला होता. मला बघून उठला.

"भाऊ, उद्या मेडिकल हाय," तो हळूच म्हणाला. "परमनंटचा कागद तयार हाय म्हनं. डॉक्टरनं फिट लिवलं का झालं."

"मग आज कशाला खेळतोस?"

"न्हाई कसं म्हनायचं? फायनल न्हाई खेळला तर कागद फाडू, असं आमचे कोच म्हनले. कुनाला बोलू नगा, भाऊ. नजर लागती. घरी बी अजून सांगितलं न्हाई."

नव्या नवरदेवासारखा लाजला तो. तीन वर्षांत तीन ब्रेक खाल्लेला माणूस, उद्या त्याच्या जन्माचं कल्याण होणार होतं, आणि ते त्यानं फक्त मला सांगितलं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सांभाळून खेळ म्हणालो.

पहिल्या हाफमध्ये तो आमच्यापासून लांबच्या लाइनीला होता. तिथून त्यानं आमच्या टीमची पार दैना केली. एक गोल स्वतः मारला, दुसरा फटका बारला लागून बाहेर गेला. हाफटाइमला साहेब लिंबाच्या फोडी चोखणाऱ्या आमच्या पोरांवर तुटून पडले. त्यांच्या आया-बहिणी निघाल्या. राइट बॅकच्या हातातली फोड त्यांनी हिसकून जमिनीवर आपटली. "एक शेतातला गडी आवरत नाही तुम्हाला? उद्यापासून येऊ नका कामावर." राइट बॅकही टेम्पररीच होता. त्यानं वाकून ती फोड उचलली.

आणि तेव्हा मी बोललो. का बोललो हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. साहेबांचा राग शांत व्हावा, पोरांची सुटका व्हावी, अशी कारणं मी बरीच वर्षं वापरली. खरं कारण एवढंच की साहेबांच्या उपयोगी पडायची मला हौस आली. म्हणालो, "साहेब, एवढं टेन्शन घेऊ नका. त्याचं उद्या मेडिकल आहे, परमनंटचं. आता तो जपूनच खेळेल."

साहेब माझ्याकडे वळले. मग हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

दुसऱ्या हाफला बाजू बदलल्या आणि तो आमच्या खुर्च्यांसमोरच्या लाइनीवर आला, माझ्यापासून हातभर अंतरावर. पहिला बॉल त्याच्याकडे आला तसे साहेब खुर्चीतून उठून अगदी मायेनं ओरडले, "अरे, उद्या मेडिकल आहे ना? गुडघा सांभाळ बाबा." तो दचकला. बॉल पायाखालून बाहेर गेला. त्यानं आधी साहेबांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी निशाण वर करून थ्रो कुणाचा ते दाखवलं.

मग त्यांना चटकच लागली. त्यानं बॉलला पाय लावला की हे सुरू. "डॉक्टर गुडघा वाकवून बघतात हं." "लंगडा माणूस मशिनवर कसा उभा राहणार?" मागे बसलेले आमचे लोक खो खो हसायचे. त्यात मॅनेजर होते, युनियनचे पुढारी होते, पोराबाळांना घेऊन आलेले बापही होते. मध्येच वाकून साहेब राइट बॅकला हलक्या आवाजात सांगायचे, "बॉल सोड. गुडघ्यावर जा. तो पाय काढून घेतो." हे मला लख्ख ऐकू येत होतं. असं काही कानावर पडलं तर लाइन्समननं निशाण वर करून रेफरीला बोलवायचं असतं. मला नियम पाठ होते.

तो खरंच पाय काढून घ्यायला लागला. तीनदा, चारदा. त्याच्या चुकलेल्या बॉलवर आमचा गोल झाला आणि एक-एक अशी बरोबरी झाली. आता त्याचे स्वतःचे कोच पलीकडून उठले. ते काही वेगळ्या मातीचे नव्हते. "भित्र्या, पाय घाल, नाहीतर इथूनच कुरुळीची वाट धर," असं ते ओरडत होते, आणि बरोबर एक इरसाल शिवी. एक साहेब म्हणतो पाय घातलास तर नोकरी गेली, दुसरा म्हणतो नाही घातलास तर गेली. दोघांच्याही पायात पांढरे बूट आणि दोघांचेही गुडघे धड.

शेवटची पाच-सात मिनिटं राहिली असतील. बॉल उंच आला आणि लाइनीजवळ पडला. ह्या वेळी त्यानं पाय काढला नाही. बॉल त्याच्या ताब्यात आला, तो वळला, आणि आमचा राइट बॅक दोन्ही पायांनी त्याच्या गुडघ्यावर गेला. बॉल तिथं नव्हताच. माझ्या डोळ्यांसमोर, चार पावलांवर झालं. आवाज मी ऐकला. ओली फांदी पिळून मोडावी तसा होता तो.

मागून साहेब म्हणाले, "निशाण खाली."

निशाण खालीच होतं. मी ते उचलायला निघालो होतो असं सांगायला मला आवडलं असतं.

रेफरी देहूरोडचे निवृत्त सुभेदार होते, सरळ माणूस. ते मैदानाच्या मध्यावर होते आणि नजरेआड यायला मध्ये चार खेळाडू. खेळ चालू राहिला, सुटा बॉल आमच्या लोकांनी पुढे नेला आणि गोल झाला. सगळं मैदान नाचत असताना सुभेदार धावत माझ्याकडे आले. कुरुळीचा पोरगा खाली पडला होता, तोंडात माती गेली होती, गवत मुठीत धरून ठेवलं होतं.

"लाइन्समन, फाउल था क्या?"

साहेब माझ्या पाठीमागे उभे होते. त्यांच्या तोंडातल्या वेलदोड्याचा वास मला येत होता.

"नहीं साब," मी म्हणालो. "बॉल पे गया था."

गोल धरला गेला. आम्ही जिंकलो. संध्याकाळी पेढे वाटले. साहेबांनी सगळ्यांच्या देखत माझ्या तोंडात स्वतःच्या हातानं पेढा घातला आणि म्हणाले, "आमचा इन्स्पेक्टर कामाचा माणूस आहे. टिप बरोबर देतो." लोकांना काही कळलं नाही, सगळे हसले. मी तो पेढा खाल्ला. राइट बॅक कोपऱ्यात बसून ओकत होता, त्याला उन्हाचा त्रास झाला असं सगळे म्हणत होते.

मेडिकलला तो गेलाच. त्याच्या भावानं सायकलच्या कॅरियरवर बसवून नेला, कारण ठरलेली तारीख चुकली तर कागद रद्द होईल अशी त्याला भीती होती. कंपनीच्या डॉक्टरनं पॅन्ट वर करून गुडघा बघितला आणि अनफिट लिहिलं. महिन्याभरात त्याला चौथा ब्रेक मिळाला. त्यानंतर त्याला कुणी बोलावलं नाही. त्याच्या कोचनी नवा लेफ्ट विंगर आणला.

हे सगळं मला तुकड्यातुकड्यानं कळत होतं. शेवटी एका गुरुवारी मी कुरुळीला गेलो. घराच्या ओसरीवर तो खाटेवर बसला होता, पाय उशीवर लांब ठेवलेला. मला बघून उठायला गेला, मीच त्याला बसवलं. आईनं चहा दिला. माझ्या पोराला शेकडो सोबती होते भाऊ, पण बघायला तुमीच आलात, असं ती म्हणाली आणि आत गेली.

त्यानं चहा संपवून कप खाली ठेवला.

"भाऊ, एक इचारू? राग न्हाई ना येनार?"

"विचार."

"ते तुमचं सायेब मेडिकलचं वरडत व्हतं. त्येंला कुनी सांगितलं आसंल? मी तर तुमच्याबिगर कुनालाच बोललो न्हवतो."

त्यानं आरोप केला नव्हता. रात्रंदिवस खाटेवर पडून त्यानं हिशोब मांडून पाहिला होता आणि तो जुळत नव्हता. पेटीतले जॉब कमी भरले की तो असाच माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. आता खरं सांगायला काही अडत नव्हतं. साहेब तिथं नव्हते, रिपोर्ट नव्हता, मॅच केव्हाच संपली होती. साहेबांची येत असे तीच किळस आता माझी मलाच आली होती.

"तुमच्या ऑफिसातून फुटलं असेल," मी म्हणालो. "कागद टाईप करणाऱ्यानं कुणाला तरी सांगितलं असेल."

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. पायाचं दुखणं थांबल्यासारखा तो मागे टेकला.

"तेच म्हनलं मी आईला," तो म्हणाला. "भाऊ न्हाई सांगायचे. मनात आलं माज्या, खोटं कशाला बोलू. माफी करा."

मी माफ केलं. निघताना त्याच्या आईनं माझ्या पिशवीत पायलीभर भुईमुगाच्या शेंगा ओतल्या, आणि त्या मी घेऊन आलो.