सिस्टरांनी पास केलेलं मरण

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी दुपारी सिनेमा दाखवत आणि मग खुर्च्या गोल मांडून चर्चा करत. नियम एकच होता, प्रत्येकानं निदान एक वाक्य बोलायचं. सिस्टरांचं वाक्य ठरलेलं असे. चौतीस वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात काढलेली बाई. पडद्यावर कोणी मेलं, की त्या नाक मुरडत. "असं कोणी मरत नाही. सलाइनची नळी बंद आहे आणि हा भाषण ठोकतोय." सगळे हसत. त्यांच्या शेऱ्याशिवाय नंतरचा चहा गोड लागत नसे.

त्या रविवारच्या सिनेमात एक म्हातारी चांगली वीस मिनिटं मरत होती. दोन दिवस तिनं पाण्याला तोंड लावलं नव्हतं, तरी लेक उशाशी ठेवलेला पेला ओतून पुन्हा पुन्हा भरत होती.

"फारच रेंगाळलंय," प्राध्यापक म्हणाले. त्यांची बायको जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. "पाणी हे प्रतीक आहे, ते एकदा कळलं की पुरे."

"प्रतीक कसलं डोंबलाचं," सिस्टर म्हणाल्या. "माणूस जायला लागलं की घरच्यांना हातावर हात ठेवून बसवत नाही. काहीतरी काम लागतं. यात एकही चूक नाही."

सिस्टरांनी पहिल्यांदाच एक मरण पास केलं होतं, पण कोणी हसलं नाही. प्राध्यापक बराच वेळ आपल्या मुद्द्यांच्या कागदाची घडी घालत आणि उलगडत राहिले.

"मी चादर सारखी करत होतो," ते म्हणाले. "ती म्हणत होती, अहो, बसा ना जरा."