साडूंनी नदीला लावलेलं दार

देवाने सृष्टी घाईगडबडीत उरकली आणि राहिलेली किरकोळ दुरुस्ती आपल्यावर सोपवली, असं आमच्या साडूंचं प्रामाणिक मत आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. कागलच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर होते. वितळलेलं लोखंड आयुष्यभर त्यांनी सांगितलेल्या साच्यात मुकाट जाऊन बसलं, त्यामुळे बाकीच्या जगानेही तसंच वागावं अशी त्यांची अपेक्षा होऊन बसली. निवृत्तीनंतर हाताखाली माणसं उरली नाहीत. उरलो मी आणि उरला निसर्ग. दोघांत ऐकणारा मीच, म्हणून दोर धरायला नेहमी मला बोलावणं.

रविवारी आमच्याकडे मटण शिजायला टाकलं की फोन वाजणार हे ठरलेलं. "पावणं, रिकामं हाय न्हवं? या की जरा हिकडं." हे 'जरा' दिवेलागणीपर्यंत चालायचं. एकदा त्यांच्या परसातला नारळ शेजाऱ्याच्या अंगणाकडे झुकला. ते त्यांना खपेना. "सरळ उभं ऱ्हायाला काय हुतंय ह्याला? वळणच न्हाय," असं म्हणत त्यांनी नारळाला तारेचा दोर बांधला, दुसरं टोक समोरच्या कंपाउंडच्या भिंतीला अडकवलं आणि रोज थोडं थोडं आवळत गेले. नारळ होता तसाच राहिला. भिंत मात्र नारळाकडे झुकली. मुंग्यांशी त्यांचं वैर त्याहून जुनं. खडूची रेघ मारून समाधान मानणाऱ्यांतले ते नव्हेत. मुंग्या निघतात कुठून याचा माग काढत ते घरभर गुडघ्यांवर रांगायचे आणि मी मागून बॅटरी धरायची. "आधी मूळ शोधायचं असतंय, पावणं. खडू काय, कोनबी मारतंय." मूळ कधी सापडलं नाही, गुडघे मात्र दोघांचेही गेले. या सगळ्याचा मला फार कंटाळा यायचा, हे स्पष्टच सांगतो. बायकोकडे कुरकुर केली तर ती म्हणायची, "दाजींना तुमच्याबिगर कोण हाय?" आणि गार झालेलं मटण पुन्हा गरम करायची.

पण नारळ आणि मुंग्या ही नुसती तालीम होती. खरा सामना पंचगंगेशी. साडूंचं घर नदीकडच्या उतारावर, स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलेलं. पुराचं पाणी पहिल्यांदा त्यात शिरलं तेव्हा अक्कांनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, गाळ उपसला, भिंती धुतल्या, कुजलेल्या गाद्या टाकून दिल्या. काही वर्षांनी पुन्हा तेच. तेव्हा हातातला खराटा खाली ठेवून त्या म्हणाल्या, "माझ्या कंबरंत आता जोर न्हाय. पुन्यांदा घराचं असं झालं तर मी पुण्याला लेकीकडं जाणार, आणि माघारी येणार न्हाय." अक्का बोलतात कमी, पण बोलल्या की करतात. साडूंचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवसापासून त्यांनी नदी बंद करायचं मनावर घेतलं.

पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना जाड पोलादी झडपा आल्या. कडेने रबराची पट्टी, चौकटीत नट-बोल्ट. ते आवळताना माझे दंड आठवडाभर दुखत होते. "एक थेंब आत आला तर नाव बदलीन," साडू म्हणाले. पुढचा पूर आला तेव्हा झडपा लावून दोघंही आमच्याकडे वरच्या पेठेत राहायला आले. साडू चक्क मजेत होते, जेवतानाही झडपांविषयीच बोलत होते. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे बघायला गेलो. गल्ली मोकळी झाली होती, जो तो आपापल्या घरातला गाळ ओढत होता. साडूंच्या झडपा जागच्या जागी. त्यांनी अभिमानाने झडपेवर थाप मारली तर आवाज भरल्या टाकीचा आला. खिडकीतून डोकावलो. आत खिडकीच्या खालपर्यंत पाणी, आणि त्यावर अक्कांचा पोळपाट तरंगत होता. नदी मोरीतून वर आली होती. मग मोरी गाळाने तुंबली, आणि झडपा इतक्या पक्क्या की आलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. सगळ्या कोल्हापुरातून पूर गेला, तो फक्त साडूंच्या घरात राहिला.

"दारातनं थेंब आला न्हाय, बघा," साडू म्हणाले. ते खरंच होतं. पण अक्का पायरीवर बसल्या होत्या, त्यामुळे कोणी हसलं नाही.

"नरसोबाच्या वाडीला खुद्द महाराजांच्या देवळात नदी येती," अक्का शांतपणे म्हणाल्या. "पादुकांवरनं जाती आणि दक्षिणदारातनं निघून जाती. लोकं त्यात आंघोळ करून हात जोडत्यात. महाराजांनी कवा तिला दार लावलंय? तुम्ही कोण त्यांच्यापरास मोठं?" आणि त्या खरोखरच पुण्याला गेल्या.

साडू जेवायला आमच्याकडे येऊ लागले. खाली मान घालून जेवायचे. भाजी अळणी असली तरी बोलायचे नाहीत, हे पाहून माझ्या बायकोला भरून यायचं. असे काही महिने गेले आणि एका रविवारी फोन आला, "पावणं, मोठा पाना घेऊन या." मला वाटलं, आता मोरीला झडप. पण आम्ही सबंध दुपार बोल्ट सोडवत बसलो. झडपा उतरल्यावर साडूंनी अक्कांना फोन लावला. "काढली दारं," एवढंच म्हणाले, आणि बराच वेळ फोन कानाला धरून उभे राहिले. चार दिवसांनी अक्का आल्या.

पुढच्या पुराला सामान माळ्यावर गेलं आणि पुढचं-मागचं दार सताड उघडं राहिलं. नदी आली, घर बघून गेली. मागे बोटभर गाळ राहिला, तो साडूंनी स्वतः खराटा घेऊन काढला. अक्कांना त्यांनी खुर्चीवर बसवलं होतं. एक झडप आता गल्लीतल्या गटारावर आडवी टाकली आहे, तिच्यावरून शेळ्या ये-जा करतात.

त्यानंतर रविवारचा फोन बंद झाला. मटण गरम मिळायला लागलं. पहिले काही रविवार मी सुखाने जेवलो, मग घास गोड लागेना. साडू खुर्चीत बसून झुकलेल्या नारळाकडे बघत असतात, असं अक्कांनी सांगितलं. इतकी वर्षं ज्या माणसाने गप्प बसावं म्हणून फक्त नवस करायचेच बाकी ठेवले होते, तो गप्प बसल्यावर मला चैन पडेना.

गेल्या रविवारी आमच्या ओट्यावर मुंग्या दिसल्या. त्या नेहमीच असतात. पण मी फोन लावला. "साडू, मुंग्या झाल्यात. काय करावं?"

साडू म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की, पावणं. त्यास्नी तरी दुसरं घर कुठं हाय?"

बोलणं शहाण्या माणसाचं होतं, आणि म्हणूनच मला वाईट वाटलं. ताट वाढून घेतलं, तेवढ्यात फोन वाजला.

"मोरीकडनं येत्यात का खिडकीतनं?"

"बघितलं न्हाय."

"बघितलं न्हाय म्हंजे? हात लावू नका कशाला. आलोच मी. बॅटरी काढून ठेवा."

मी ताटावर ताट झाकलं आणि बॅटरी शोधायला उठलो.