सेल्वराणीची बढती

कोइंबतूरच्या त्या पंपांच्या कारखान्यात सेल्वराणी डिझाइनला होती. तिनं आखलेला पंप तक्रार होऊन परत आला, असं सहसा घडत नसे. टेस्टिंगच्या शेडमध्ये ती आणि मुत्तरसू दिवसदिवस वाद घालत, आणि चहाच्या वेळी एकच उळुंदवडा अर्धा अर्धा खात. तिच्यानंतर नोकरीला लागलेला मुत्तरसू तिला अक्का म्हणे.

बढती तिला नको होती. पण मोठे साहेब, वरदराजन, म्हणाले, "जन्मभर रेघाच ओढत बसणार की काय?" घरी नवऱ्यानंही तेच ऐकवलं. गेली ती केबिनमध्ये.

पुढं पंपाची किंमत उतरवायचं ठरलं. बाहेरचं बिडाचं कवच पातळ करा, साहेबांनी तोंडी सांगितलं. मुत्तरसू ड्रॉइंगवर सही करेना.

"अक्का, हे तडकणार. तुला काय सांगायचं?"

"कळतंय मला. सही कर."

"माझ्या जागी तू असतीस तर केली असतीस?"

"नसती केली."

"मग?"

"मग काय? तू नाही केलीस तर दुसरा कुणी करेल. आणि कुणाला काढायचं, ती नावं माझ्याकडे मागितलीत."

त्यानं सही केली. त्यानंतर तो चहाला आला नाही.

उन्हाळ्यात पोल्लाचीच्या नारळबागांतून तडकलेले पंप यायला लागले. कारखान्याच्या मालकांसमोर बैठक बसली. "डिझाइन कुणाचं?" वरदराजननीच विचारलं, जणू त्यांना काही ठाऊकच नव्हतं. सेल्वराणीनं त्यांच्याकडे पाहिलं. ते पाण्याचा ग्लास उचलत होते.

"सही मुत्तरसूची आहे," ती म्हणाली. यात खोटं काही नव्हतं.

त्याला काढलं. तो सामान आवरत होता तेव्हा ती खाली गेली. "मी बोलणार होते रे."

"बोललात की," तो म्हणाला, आणि जेवणाचा डबा पिशवीत टाकून तिच्या बाजूनं निघून गेला. एवढ्या वर्षांत त्यानं तिला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं होतं.

महिन्याभरानं तिनं साहेबांकडे जाऊन मला डिझाइनला परत पाठवा म्हणून विचारलं. ते हसले.

"कामी येणारा माणूस कुणी सोडतं का? त्या दिवशी बैठकीत किती शांतपणे सांभाळून घेतलंत तुम्ही."

ते मनापासून कौतुक करत होते. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. वरदराजन निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या खुर्चीसाठी तिच्याशिवाय दुसरं नाव कुणी काढलंच नाही.