अस्तेदुमारीच्या घराचं देऊळ झालं तेव्हा

माझी थोरली जाऊ अस्तेदुमारी, मी तिला वहिनी म्हणायचे, टेकडीवरच्या सगळ्यात जुन्या घरात राहायची. तिची मुलं तान्हीच जायची. तान्ह्यांना आम्ही चितेवर देत नाही. तिने ती चुलीशेजारी, भिंतीच्या कडेला पुरली होती. त्यावर रोज सारवायची आणि जेवताना पहिला घास तिथे ठेवायची.

एकदा शेजारचं तापाने फणफणलेलं पोर तिच्या चुलीपाशी निजवलं आणि ते बरं झालं. मग लोकांची रीघ लागली. कुणी तेल आणी, कुणी बोटाएवढी ब्राँझची बाहुली. बाहुल्या ठेवायला भिंतीला लागून ओटा घातला गेला.

"देवी आहे इथे," बायका म्हणायच्या.

"कसली देवी गं? माझी पोरं आहेत ती!" वहिनी चिडायची.

आमचा सरदार उनिबेलोस याने किनाऱ्यावरच्या परक्यांची देवळं पाहिली होती, दारात दोन खांबांची. तो म्हणाला, "घर पाडायचं नाही. चूल आहे तिथेच राहू दे. फक्त पुढे खांब उभारू." वहिनीला त्याने माझ्याकडे राहायला धाडलं. सारवायला ती रोज जायचीच.

पहिला खांब उभा केला, तो कलला. पुन्हा केला, पुन्हा कलला. गावात कुजबुज सुरू झाली: आतली भिंत पोरांनी धरलीय, खांबाला कोण धरणार?

एका दुपारी सरदाराच्या दासीने खांबाच्या खड्ड्याशी झाकलेली टोपली ठेवली आणि मागे न बघता निघून गेली.

"मेलेलं आहे. ठेवा खाली," उनिबेलोस म्हणाला.

वहिनीने फडकं उचललं. "हे ओठ हलवतंय, उनिबेलोस. दूध मागतंय."

"संध्याकाळपर्यंत जाईल. तुला काय त्याचं नवल? तू तर किती पुरलीस!"

वहिनीने पोर पदराखाली घेतलं, आत जाऊन चुलीतली राख आणली आणि टोपलीत ओतली.

"घे, हे पूर," म्हणाली आणि वेशीतून डोंगराकडे चालू लागली. तिला अडवायचं धाडस कुणाला झालं नाही.

खांब त्या राखेवरच उभा राहिला. मेंढपाळ सांगतात, डोंगरात वहिनीपाशी पोर रांगतंय.

आता दुसऱ्या खांबाचा खड्डा खणून झालाय. माझ्या सुनेला आठवा लागलाय. काल सरदाराचा माणूस दारात येऊन गोड आवाजात विचारून गेला, "दिवस कधी भरतात?"

मी तिचं गाठोडं बांधतेय.