उभे मिस्त्री आणि रिकामी टाकी

उभे मिस्त्रींना बसलेलं पाहिलेला माणूस आमच्या मोटार कंपनीत नव्हता. चहा उभ्यानं, भाकरी फिरता फिरता. "बसलं की ध्यान जातंय," म्हणायचे. मी तिथं कारकून. समोर दिवसभर त्यांच्या येरझारा. डोकं पिकून जायचं माझं.

आवारात जमिनीखाली पेट्रोलची जुनी टाकी होती. ती गंजून झिरपू लागली, आडाच्या पाण्याला वास यायला लागला, तेव्हा मालकांनी ती कायमची बुजवायचं ठरवलं. पेट्रोल उपसलं, झाकण काढलं. आम्हाला वाटलं, सुटलो. मिस्त्रींची तगमग मात्र दुप्पट झाली.

"भरल्या टाकीचं भ्या न्हाय मला. रिकामी लई वंगाळ. पेट्रोल गेलं, पण वाफ आतच हाय की! आदी पाण्यानं काटोकाट भरा, वाफ भाईर घालवा. मग पाणी उपसून वाळू टाका."

ऐन उन्हाळा. मालक वैतागले. "लोकांना प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही टाकीला आंघोळ घालताय?" थेट वाळूच टाकायची ठरली.

जमिनीचं काम म्हणजे मालकांच्या लेखी पूजा आलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टाकीच्या तोंडाशीच ताट मांडलं, नारळ ठेवला, कापूर ठेवला. त्यांनी खूण केली आणि मी शहाण्यासारखी काडीपेटी उघडली. तेवढ्यात आवाराच्या पलीकडून मिस्त्री धावत आले. माझ्या मनगटावर असा फटका बसला की काडीपेटी एकीकडे, ताट दुसरीकडे, कापूर धुळीत.

"देवाचं ताट उडवलंस? उद्यापासून इथं दिसू नकोस!" मालक थरथरत होते.

मिस्त्रींनी हात जोडले. "जातो की, मालक. पण टाकीचं काम करून जातो."

मालक पाठ फिरवून आत गेले. मिस्त्रींनी आडाचं ते बिघडलेलं पाणी शेंदायला घेतलं. दोन दिवस पोहरा खालीवर होत होता. तिसऱ्या दिवशी पाणी उपसून त्यांनी टाकी वाळूनं गच्च भरली, वरची माती पायानं दाबली आणि पिशवी उचलली.

निघताना माझ्यापाशी थांबले. "मनगट दुकतंय का वो?"

"नाही," मी म्हणालो. ते सुजलेलं होतं.

मालक आतच होते, दार सताड उघडं. काडी मी ओढणार होतो, या माणसानं आपल्या सगळ्यांचा जीव वाचवला, एवढंच सांगायचं होतं. मला ते केव्हाच कळलं होतं. पण आपलीही नोकरी जाईल या धास्तीनं मी जागचा हललो नाही. मिस्त्री फाटकाबाहेर पडले, तेव्हा मी मान खाली घालून टाक दौतीत बुडवत होतो.