तीन दिवसांचा रन

ऑफिसात त्यांना सगळे काकाच म्हणत. श्रवणयंत्रात बसणाऱ्या इवल्याशा अँटेनाची लहर कानाभोवती कशी पसरते, ते कॉम्प्युटरवर तपासायचं, हा त्यांचा धंदा. बायको गेल्यापासून घरी कुणी नव्हतं. फ्रिजची घरघर तेवढी सोबतीला, आणि ती ऐकत बसायची काकांना अक्षरशः भीती वाटे. म्हणून ते ऑफिसातच बसून राहत. कुणी हटकलं, की म्हणायचे, "रन चालू आहे!"

आणि रन, म्हणजे कॉम्प्युटरवरचं ते लांबलचक गणित, चालूच असायचा, खोटं कशाला बोला! त्यांचा प्रोग्रॅम जागेचे चौकोनी डबे पाडतो आणि लहर एकेक पाऊल पुढे सरकवतो. डबा जितका लहान, तितकं पाऊल लहान, आणि तितका वेळ जास्त. आता काकांच्या मॉडेलमध्ये प्लास्टिकची एक क्लिप होती. ती काढलेली इंचांत, आणि प्रोग्रॅमने आकडे धरले मिलिमीटर. झालं! क्लिपचा झाला कण, त्या कणापायी डबे झाले बारीक, आणि तासाभराचं काम तीन दिवस रांगायला लागलं. उत्तरात काही फरक पडत नव्हता. काकांच्या हे केव्हाच लक्षात आलं होतं, पण त्यांनी ब्र काढला नाही. गडी दर शुक्रवारी रन लावायचा आणि शनिवार-रविवार त्याच्या शेजारी बसून काढायचा. थोरली बहीण त्याच गावात राहायची. जेवायला ये, जेवायला ये, म्हणून ती दमली. पण तिच्या भरल्या घरातून उठून आपल्या घरी परतणं काकांना फार जड जाई.

मग नवी इंजिनिअर आली. बाई कामाला वाघ.

"काका, ही क्लिप पाहिलीत? पंचवीस पटीने लहान आलीये!"

"अरेच्चा!" काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार बिचारे?

तिने एकक बदललं आणि रन लावला. शुक्रवारचा चहा व्हायच्या आत निकाल पडद्यावर! साहेब तर हरखलेच. "काका, सुटलात! आता सुट्टीला माणसासारखे घरी बसा."

काका हसले. जिन्यात जाऊन त्यांनी बहिणीला फोन लावला.

"ताई, उद्या जेवायला येतो गं."

"अरे देवा! आम्ही सगळेच आत्ता लेकीकडे निघालोय रे. सोमवारी येऊ. तुझा रन असणार, म्हणून तुला विचारलंच नाही. आता गाडीतही जागा नाही बघ."

"छे छे, या तुम्ही जाऊन. मी आपलं सहज म्हटलं."

काका परत आले, तेव्हा ती नवी इंजिनिअर पर्स आवरत होती. "निघायचं ना काका?"

"तू हो पुढे." काकांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "अगं, तुझ्याकडे एखादं काम पडलंय का? मोठंसं. सोमवारपर्यंत पुरेल असं."